निळ्या टाइल्सच्या हवेलीत नाश्ता: मेक्सिको सिटीतलं उमरावांचं घर बसून कसं पाहावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मेक्सिको सिटीत दीड दिवस हाताशी आहे, सोबत सत्तरीची आई आहे, दोघंही शाकाहारी. ‘कासा दे लोस असुलेहोस’ म्हणजे टाइल्सचं घर, ही काउंटांची जुनी हवेली. तिथे आता सॅनबॉर्न्सचं रेस्टॉरंट आहे. तिथे बसून खावं, की बाहेरून फोटो काढून पुढे सरकावं? आणि बसलोच, तर पाहायचं काय?

बसा. निदान तासभर बसा. माझं काम जुन्या इमारतींच्या डागडुजीचं आहे. चुना, लाकूड आणि दगड यांच्याशी झटापट करण्यात पंचवीस वर्षं गेली आणि आता मी एका मताला आलोय: राहतं घर उभ्या उभ्या कळत नाही. संग्रहालय चालत पाहता येतं, देऊळ प्रदक्षिणा घालून पाहता येतं, पण घर बसल्यावरच उलगडतं. उमरावाच्या घरात आपल्याला बसायला कोण देणार? इथे देतात, कारण इथे खाणावळ आहे. मी तीनदा बसलोय. पहिल्या वेळी तुमच्यासारखाच फोटो काढून निघालो होतो. पाऊस आला म्हणून आत शिरलो.

आधी पत्ता. मादेरो नावाचा रस्ता आहे, २०१० पासून फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. मेट्रोच्या बेयास आर्तेस स्टेशनवर उतरलात की पाच मिनिटांवर. एका बाजूला बेयास आर्तेस या संगमरवरी कलाभवनाचा घुमट, कोपऱ्यावर १९५६ सालचा तोरे लातिनोअमेरिकाना हा ४४ मजली मनोरा, समोर सान फ्रान्सिस्कोचं चर्च, आणि या सगळ्यात हे दोन मजली निळं-पांढरं-पिवळं घर. तिकीट नाही. खाली दुकान आहे, त्यामुळे कुणीही आत जाऊ शकतं.

पण लगेच आत जाऊ नका. दहा मिनिटं बाहेर थांबा, आणि मादेरोवरच्या दर्शनी भागापेक्षा शेजारच्या अरुंद बोळात जास्त. या बोळाचं नाव कायेहोन दे ला कोन्देसा, म्हणजे काउंटेसचा बोळ. इथे भिंत इतकी जवळ येते की टाइल वाचता येते. या टाइल्स पुएब्ला शहराच्या धाटणीच्या, तिथे त्यांना तालावेरा म्हणतात. दोन जातींची माती एकत्र कालवून, निवळून टाइल पाडायची, एकदा भाजायची. मग कथिल आणि शिशाच्या पांढऱ्या झिलईत बुडवायची, आणि ती झिलई कच्ची असतानाच वर रंग चढवायचा. कच्ची झिलई टीपकागदासारखी रंग शोषून घेते, चुकलं तर पुसायची सोय नाही. त्यानंतर दुसरी भाजणी. कोबाल्टचा निळा जाड लागतो, म्हणून भाजल्यावर तो पृष्ठभागापासून किंचित वर राहतो. सकाळी तिरप्या उन्हात टाइलच्या कडेने नजर टाकलीत तर ही उंची दिसते. हात लावू नका, डोळ्यांनाच कळते. शेजारशेजारच्या दोन टाइल्सचा निळाही तंतोतंत सारखा नसतो. एक जरा राखाडी, एक जरा जांभळट. भट्टीत कोण कुठे बसलं होतं त्यावर ते ठरतं. छापील टाइल्सच्या जमान्यात ही विषमता पाहून मला दर वेळी बरं वाटतं. पुएब्ला आणि त्लास्कालाची ही कला, स्पेनमधल्या मूळ तालावेरा गावाच्या कुंभारकामासोबत, २०१९ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. ‘असुल’ म्हणजे स्पॅनिशमध्ये निळा, म्हणून ‘असुलेहो’ म्हणजे निळी टाइल असं लोक बिनधास्त सांगतात. शब्द अरबी आहे, ‘अझ-झुलैज’, गुळगुळीत घोटलेला लहान दगड. निळ्याशी त्याचा संबंध नाही. हा शब्द आणि ही कला दोन्ही अरबांकडून स्पेनमध्ये आणि तिथून समुद्र ओलांडून इथे आली.

आता पाहायची खरी गोष्ट: टाइल कुठे संपते आणि दगड कुठे सुरू होतो. खिडक्या-दारांच्या चौकटी, कोपरे, पट्टे हे सगळं कोरीव दगडात आहे; टाइल फक्त मधल्या सपाट जागी. पुएब्लात टाइल बहुधा लाल विटांच्या मधे मधे पेरलेली असते. इथे मधल्या भिंती जवळजवळ झाकून टाकल्यात. खर्चिक काम, आणि खर्च दिसावा म्हणूनच केलेलं. तुम्ही इंजिनिअर असाल तर लगेच विचाराल, की भिंतीतली ओल बाहेर कुठून पडत असेल? बरोबर प्रश्न आहे. झिलई पाणी आत येऊ देत नाही, पण आतलं बाहेरही सोडत नाही. भिंत श्वास घेते ती टाइल्सच्या सांध्यांतून. म्हणून अशा भिंतीत सांध्याला चुनाच लागतो. तिथे सिमेंट भरलंत की काही वर्षांत टाइल फुगून सुटते. हे मी दुसरीकडे, एका वेगळ्या इमारतीत, पदरचे पैसे घालून शिकलोय.

हा साज चढवला तो १७३७ साली, पाचव्या काउंटेसच्या काळात. घराणं व्हाये दे ओरिसाबाच्या काउंटांचं. ती पुएब्लात राहिलेली, तिथली टाइल्सची हौस तिने राजधानीत आणली, असं सांगतात. याहून रंगतदार गोष्ट तुम्हाला गाईड सांगेल: उधळ्या पोराला बाप म्हणाला, “तुझ्या हातून टाइल्सचं घर कधी व्हायचं नाही,” आणि पोराने ईर्ष्येला पेटून हे घर बांधलं. ‘टाइल्सचं घर बांधणं’ म्हणजे आयुष्यात काही करून दाखवणं, असा तिकडचा वाक्प्रचार. गोष्ट छान आहे, ऐकून घ्या. फक्त काउंटेसचं श्रेय पोराला देऊ नका.

दुसरी गोष्ट याच बोळातली. दोन उमरावांच्या बग्ग्या समोरासमोर आल्या, बोळ एकाच बग्गीपुरता, मागे कोणी हटेना. तीन दिवस दोघे आपापल्या बग्गीत बसून राहिले. शेवटी व्हाइसरॉयने हुकूम काढला की दोघांनी एकदमच उलटं जावं, एक या टोकाला, एक त्या टोकाला. हीसुद्धा दंतकथाच, पण बोळात उभं राहून दोन्ही बाजूंना हात पसरून पाहिलेत की तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. आईंना ही नक्की सांगा.

घराण्याचा मूळ पुरुष रोद्रिगो दे व्हिवेरो. हा माणूस या टाइल्सपेक्षा रंगीत. फिलिपीन्सचा हंगामी गव्हर्नर होता. १६०९ साली मनिलाहून परतताना त्याचं जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलं, वाचला, आणि थेट तोकुगावा इयासू या तिथल्या खऱ्या सत्ताधीशाच्या भेटीला जाऊन आला. १६२७ साली त्याला काउंटपद मिळालं. घर मात्र त्याचं नव्हे, ते सुनेकडून आलं. सुनेचे वडील दिएगो सुआरेस दे पेरेदो यांनी ही जागा १५९६ साली विकत घेतली होती.

आता आत चला. सकाळी जा, आठच्या आसपास, शक्यतो कामाच्या दिवशी. रविवारी दहानंतर सगळं शहर नाश्त्याला बाहेर पडतं. दारात जागा देणारी व्यक्ती असेल, तिला आधीच सांगा: “एन एल पातिओ, पोर फावोर.” पातिओत, म्हणजे मधल्या चौकात. हे बोलला नाहीत तर दुसऱ्या दालनात किंवा उंच स्टुलांच्या काउंटरवर बसवतील, आणि तिथून घर दिसत नाही.

बसलात की पहिल्यांदा वर बघा.

डोक्यावर काच आहे. लोखंडी सांगाडा आणि काच. संपूर्ण घरातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे, आणि फोटोत ती कोणी धड घेत नाही. तुम्ही ज्या जागी नॅपकिन मांडीवर घेऊन बसलाय ती कधीच खोली नव्हती. ते अंगण होतं. इथे पाऊस पडायचा, घोडे उभे राहायचे, बग्ग्या वळायच्या. आपल्याकडच्या वाड्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही: देवडी, मग चौक, चौकाभोवती सोपे, वर माडी. तिकडची नावं वेगळी, हिशोब तोच. देवडीला साग्वान. तळमजला कोठारांचा, घोड्यांचा, नोकरांचा, आणि रस्त्याकडच्या खोल्या दुकानांना भाड्याने दिलेल्या. मधे कमी उंचीचा एक अर्धमजला असायचा, तिथे कारकून आणि हिशेबनीस. धनी वरच्या मजल्यावर. किताबवाल्या उमरावांच्या घरात वर एक छत्रीचं दालन असायचं: राजाची तसबीर, तिच्यावर छत आणि खाली एक खुर्ची. खुर्चीचं तोंड भिंतीकडे. तिच्यावर बसायचा हक्क फक्त राजाचा, आणि राजा तर अटलांटिकपलीकडे. तीनशे वर्षांत एकदाही स्पेनचा राजा मेक्सिकोत आला नाही. खुर्च्या मात्र झटकल्या जात असणार.

तर सांगायचं हे की घोडे जिथे उभे राहायचे तिथे तुम्ही कॉफी पिताय. उमरावाच्या लेखी ही घरातली कमी प्रतीची जागा. आजच्या पाहुण्याला ती सगळ्यात मानाची वाटते. हा उलटफेर काचेने केला.

सॅनबॉर्न बंधू, वॉल्टर आणि फ्रँक, कॅलिफोर्नियाचे. १९०३ साली त्यांनी याच भागात औषधाचं दुकान काढलं, मग सोडा फाउंटन, मग खाणं. हे घर त्यांनी १९१७ साली भाड्याने घेतलं, दोन वर्षं काम चाललं, १९१९ साली उघडलं. चौकावर काच आली ती त्या वेळी. आज शंभराहून जास्त वर्षं झाली. पुढे १९४६ मध्ये धंदा अमेरिकेच्या वॉलग्रीन कंपनीकडे गेला, १९८५ मध्ये कार्लोस स्लिम यांच्या उद्योगसमूहाकडे. घर मात्र तेच राहिलं.

माझ्या धंद्यात चौकावर छप्पर हा कायमचा भांडणाचा विषय आहे. जुना वाडा घेऊन हॉटेल काढायचं म्हटलं की मालकाची पहिली मागणी ठरलेली: “चौक झाकून द्या.” बरोबर आहे, तिथेच पंधरा टेबलं बसतात. एका वाड्यात मी सांगितलं होतं की छप्पर भिंतीपासून फूटभर वर उचला, चारी बाजूंनी फट राहू द्या. दोन महिने ठीक चाललं. मग कबुतरं आली. मालकाने मला न विचारता फट पत्र्याने बंद केली, वर सिलिकॉन. पहिल्याच पावसाळ्यात स्वयंपाकघराची वाफ वर जाऊन गार झाली, ठिबकू लागली, आणि दिवाळीपर्यंत खांबांच्या बुडाशी लाकूड बोटाने खरवडता येईल इतकं मऊ पडलं. चौक म्हणजे वाड्याची मोकळी जागा नव्हे, वाड्याचं नाक आहे. म्हणून मी या मेक्सिकोतल्या चौकात बसलो की आधी काच भिंतीला कुठे टेकते ते शोधतो. तुम्हीही शोधा. सांगाड्याचा भार कुठे उतरतो, उजेड कुठल्या भिंतीवर आधी पडतो, खांबांच्या पायथ्याशी दगड ओला दिसतो की कोरडा. खांब उंच आणि सडपातळ आहेत. त्यांच्याकडे पाहताना हे लक्षात घ्या की ते काच पेलण्यासाठी उभारलेले नव्हते. इथे दगडाबरोबर एक जास्तीची सोय आहे, हवा कोरडी. २२४० मीटर उंचीवरचं शहर, पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरमधल्या दुपारी. आपल्या कोकणपट्टीत हाच प्रयोग इतका टिकला असता असं मला वाटत नाही.

काच येण्यापूर्वीचं अंगण डोळ्यांसमोर आणायचं असेल तर भिंतीतल्या टाइल्सच्या कारंजाकडे बघा. ते बाहेरच्या हवेसाठी केलेलं आहे. आणि भिंतींवर जे मोर रंगवलेत ते काच आल्यानंतरचे. उघड्यावर असं चित्र कोणी काढणार नाही. एकाच भिंतीवर दोन हवामानं दिसतात, ते पाहण्यात मजा आहे.

आता जिना. खाणं मागवून झालं की आईंना टेबलवर बसू दे, तुम्ही जाऊन या; मग त्यांना हळूहळू न्या. जिन्याच्या भिंतींना टाइल्सचा पट्टा आहे, आणि वर होसे क्लेमेन्ते ओरोस्को यांचं १९२५ सालचं भित्तिचित्र, ‘ओम्नीसिएन्सिया’, सर्वज्ञता. घरमालक फ्रान्सिस्को सेर्हियो इतुर्बे यांनी ते काढून घेतलं. मधे गुडघ्यांवर बसलेली, चेहरा वर केलेली स्त्री, दोन्ही बाजूंना धिप्पाड आकृत्या, वरून उतरणारे हात. मोरांच्या नाजूक रंगांतून इथे आलात की एकदम ढोल वाजल्यासारखं होतं. ओरोस्को इतरत्र क्रांती, बंदुका, शोषण काढणारा चित्रकार. इथे त्याने त्यातलं काहीच काढलं नाही. नाश्त्याला आलेल्यांपैकी बरेच जण या चित्राकडे न बघता चढून जातात. तुम्ही जिन्याच्या मधल्या टप्प्यावर भिंतीला पाठ लावून उभे राहा, तिथून ते नीट पेलतं.

याच घराच्या जिन्यावर एक खूनही झालाय. डिसेंबर १८२८, शहरात दंगल, लूटमार. त्या गोंधळाचा फायदा घेऊन एका लष्करी अधिकाऱ्याने काउंट आंद्रेस दिएगो सुआरेस दे पेरेदो यांना भोसकलं. राजकारण नव्हतं, घरातल्या मुलीशी त्याचं जुळलेलं काउंटांना मान्य नव्हतं, असं कारण सांगतात. अधिकाऱ्याला पुढे मृत्युदंड झाला.

पण हवेल्या रिकाम्या झाल्या त्या खुनांनी नाही, कायद्याने. या उमरावांकडे ‘मायोरासगो’ नावाची व्यवस्था होती: इस्टेट अखंड, सगळी थोरल्याकडे, विकता येत नाही, वाटता येत नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास ती मोडली, आणि १८२६ मध्ये किताबही रद्द झाले. मग हिस्से आले, कर्जं आली, आणि जे आपल्या पेठांतल्या वाड्यांचं झालं तेच झालं. कुठे खोल्या भाड्याने, कुठे गोदाम, कुठे हॉटेल. हे घर १८७१ साली घराण्याबाहेर गेलं. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियासच्या काळात इथे जॉकी क्लब होता, म्हणजे शहरातल्या सगळ्यात श्रीमंत लोकांचा पत्ते आणि गप्पांचा अड्डा. क्रांती आली आणि १९१५ साली याच दालनांत कासा देल ओब्रेरो मुन्दियाल ही कामगारांची संघटना येऊन बसली. काउंट, शेठ, कामगार आणि मग एन्चिलादाची खाणावळ. इतके भाडेकरू पचवलेलं घर मी दुसरं पाहिलेलं नाही.

इथेच आणखी एक गोष्ट. सापातिस्ता, म्हणजे क्रांतीतला शेतकरी पुढारी सापाता याचे शिपाई, डोक्यावर हॅट, काउंटरवर बसून नाश्ता करताहेत, असा डिसेंबर १९१४ चा एक प्रसिद्ध फोटो आहे. तो सॅनबॉर्न्समधला आहे खरा, पण तुम्ही बसला आहात त्या घरातला नाही. सॅनबॉर्न्स या घरात आलंच १९१९ मध्ये. तारखा जुळवा, फोटो जुन्या दुकानातला निघतो. तरीही लोक इथल्या काउंटरकडे बोट दाखवून “इथेच बसले होते” म्हणतात. हसून मान डोलवा.

खाण्याविषयी फार लिहिणार नाही. ही मोठी साखळी आहे, देशभर शाखा, मेनू साधारण सगळीकडे तोच. घरासाठी जा, खाणं ओघाने. नावाजलेला पदार्थ एन्चिलादास सुइसास: मक्याच्या पोळीची गुंडाळी, तोमातियो या टोमॅटोसारख्या हिरव्या फळाचा सॉस, साय आणि वर वितळलेलं चीज. नेहमी आत चिकन असतं. शाकाहारी माणसाने तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढंच सांगू नका. ‘कार्ने’ म्हटलं की अनेकांच्या डोक्यात गाय-डुक्कर येतं, कोंबडी त्यात धरत नाहीत. “सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन”, म्हणजे मांस, कोंबडी, हॅम काहीच नको, असं तिन्ही सांगा. दुसरं, काळ्या घेवड्याच्या भाजीत डुकराची चरबी असू शकते, म्हणून विचारा: “येवा मान्तेका?”, यात चरबी आहे का? तिसरं, चिलाकिलेस, म्हणजे सॉसमध्ये भिजवलेले मक्याच्या पोळीचे तळलेले तुकडे; त्यांच्या सॉसमध्ये कोंबडीचा रस्सा असू शकतो. मोयेतेस, म्हणजे पावावर घेवडा आणि चीज, चरबीचा प्रश्न सुटला की बरा पर्याय. फळं आणि कॉफी यांत काही धोका नाही; गोड पावातही चरबी असू शकते, तिथेही तोच प्रश्न विचारा. वाढणाऱ्या बायका रंगीत पट्ट्यांच्या घोळदार झग्यात असतात; फोटो घ्यायचा तर आधी विचारा, कामाच्या घाईत असतात.

बिल आपणहून आणत नाहीत. मागितल्याशिवाय बिल समोर ठेवणं तिकडे पाहुण्याला उठवल्यासारखं मानतात. म्हणजे तुम्हाला हवा तितका वेळ बसता येतं, आणि निघायचं तेव्हा “ला क्वेन्ता, पोर फावोर”. टीप दहा ते पंधरा टक्के. एवढ्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे पहिल्या दिवशी आईंना जिना चढताना दम लागू शकतो. पाणी बाटलीचंच.

निघताना जमीन बघा. हे शहर तळ्यावर बसलंय, आणि गेल्या शतकात मध्यभाग कित्येक मीटर खचला. जुनी घरं एकसारखी खचत नाहीत. एक कोपरा लवकर, एक उशिरा. म्हणून खिडक्यांच्या ओळी आणि टाइल्सच्या आडव्या रांगा यांवरून नजर फिरवा, एखादी रांग क्षितिजाशी पटत नसेल तर ते गवंड्याचं पाप नाही. समोरच्या लातिनोअमेरिकाना मनोऱ्याने यावर वेगळं उत्तर काढलं: ३६१ काँक्रीटचे खांब खोल कठीण थरापर्यंत ठोकले, आणि १९५७ व १९८५ चे भूकंप पेलले. टाइल्सच्या घराकडे असं काही नाही. ते बसत, वाकत, सावरत आलंय. ९ फेब्रुवारी १९३१ ला त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, १९९३ ते ९५ मध्ये मोठी दुरुस्ती झाली.

मग ५ दे मायो रस्त्याच्या बाजूला वळसा घाला. इकडचा दर्शनी भाग विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, रस्ता वाढवला तेव्हाचा, मूळच्या धर्तीवर केलेला. मादेरोची बाजू डोळ्यांत ताजी असतानाच ही बघा. आधी सांगितलं नाही तर दहातले नऊ जण फसतात. मी पहिल्या वेळी फसलो होतो.

वेळ उरला तर मादेरोवरूनच पुढे चालत इतुर्बिदे राजवाड्यात डोकवा. तोही काउंटांचा, मधे हॉटेल होता, आता बँकेचं सांस्कृतिक केंद्र. तिथेही चौकावर छप्पर आहे, पण खाली टेबलं नाहीत, प्रदर्शनं भरतात. आणि पायात बळ असेल तर सांतियागो दे कालिमायाच्या काउंटांच्या घरापर्यंत जा, ते आता शहराचं संग्रहालय आहे. त्याच्या कोपऱ्यावर, अगदी पायाशी, अस्तेकांच्या नागाचं दगडी मुंडकं बसवलंय. त्या घराचा चौक अजून उघडा आहे. फरसबंदीवर उभे राहा, वर आभाळ बघा, आणि मग सकाळच्या टेबलवरची काच आठवा.